हो चि मिन्ह मार्ग

व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेतील गनिमी दलांना माणसे, शस्त्रे व रसद पोहोचवणाऱ्या छुप्या वाटांचे जाळे. रूढ नाव अमेरिकनांनी दिलेले. व्हिएतनामी लोक डोंगररांगेवरून त्याला त्रुओंग सोन मार्ग म्हणतात. ‘मार्ग’ हा शब्द तसा फसवाच. पायवाटा, नदीपात्रे, ट्रकचे रस्ते आणि त्यांचे असंख्य फाटे मिळून ते हजारो किलोमीटर पसरले होते, आणि त्याचा बराचसा भाग शेजारच्या लाओस व कंबोडियात होता. एक वाट बंद पडली की माल दुसरीने निघे.

मे 1959 मध्ये या कामासाठी उभारलेल्या दलाला महिना व साल जोडून 559 हा क्रमांक मिळाला. आधी ओझी पाठीवरून जात, पुढे सायकली आल्या. त्यांवर बसायचे नसे. हँडलला लांब बांबू बांधून ती वळवायची, सीटच्या जागी दुसरा बांबू रोवून ढकलायची. अशी एक सायकल सुमारे 200 किलो माल नेई. फ्रेंचांविरुद्धच्या दिएन बिएन फूच्या लढाईत (1954) हीच युक्ती कामी आली होती. ट्रक आल्यावर ते रात्री, मिणमिणत्या दिव्यांवर चालत. काही पूल मुद्दाम पाण्याच्या पातळीखाली बांधलेले असत, म्हणजे विमानातून नुसती नदी दिसे. स्वयंपाकाची चूलही जमिनीतच. धूर पाने व ओली माती टाकून झाकलेल्या चरांतून जमिनीलगत विरून जाई. होआंग काम या लष्करी आचाऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते.

अमेरिकेने बॉम्ब टाकले, जंगलात पावलांची चाहूल टिपणारी यंत्रे पेरली, 1967 ते 1972 या काळात पाऊस लांबवून रस्ते चिखलात घालण्यासाठी ढगांवर रसायनेही फवारली. 1971 मध्ये दक्षिण व्हिएतनामी फौज लाओसात घुसली आणि मोठी हानी सोसून परतली. रसद कमी झाली, तुटली नाही. दक्षिणेतल्या गनिमांना धान्य बरेचसे स्थानिक गावांतूनच मिळे. बाहेरून लागे ते मोजकेच. शिवाय बॉम्बचे खड्डे रातोरात बुजवणाऱ्या तुकड्या होत्या, त्यांत तरुण मुली पुष्कळ. त्याची किंमत जबर होती. बॉम्बबरोबर माणसे खाणारा हिवतापही होता, आणि क्वांग त्री प्रांतातील त्रुओंग सोन स्मशानभूमीत दहा हजारांहून अधिक थडगी आहेत.

1964 ते 1973 या काळात लाओसवर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. न फुटलेले बॉम्बगोळे तिथल्या शेतांत अजून सापडतात. रिकाम्या कवचांवर काही घरे उभी आहेत.