माळव्याची अफू आणि पोटातलं बाळ

माझी आजी इंदूरला राजवाड्यामागच्या वाड्यात वाढली. एखादं तान्हं मूल फार वेळ निपचित पडलेलं दिसलं की ती आईला विचारायची, "अफू चाटवलीस की काय याला?" आम्हाला ते नुसतं बोलणं वाटायचं. पण शेतावर, पुढे गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका बाळ रडू नये म्हणून खरोखरच अफूची बारीक गोळी देत. माळवा, राजस्थान, गुजरात, मुंबईचं गिरणगाव, सगळीकडे ही 'बाळागोळी' माहीत होती. (घरोघरी सहाणेवर उगाळतात ती बाळगुटी वेगळी; तिचा अफूशी संबंध नाही.) या गोळीवर निदान बोललं तरी जाई. अफू बाळापर्यंत पोचण्याची दुसरी वाट होती नाळेतून, आणि तिच्याकडे लक्ष जायला फार काळ लागला.

अफूचा बाकी हिशेब मात्र इंदुरात चोख ठेवला जात होता. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, पण माळवा होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या हाती असल्यामुळे इथला माल कंपनीला आवरेना. तो राजपुतान्यातून आणि सिंधमधून कराचीमार्गे चीनकडे निघून जाई. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ती वाट बंद झाली. मग माळव्याची अफू मुंबईकडेच वळली, आणि पेटीमागचा कर वाढत वाढत ७०० रुपयांपर्यंत गेला. इंदूरच्या सरकारी काट्यावर पेट्या तोलल्या जात, कर भरला की पुढे जाण्याचा परवाना मिळे. काच मंदिर बांधणारे सर सेठ हुकुमचंद यांनीही कापडगिरण्यांच्या आधी अफूच्या तेजीमंदीत मोठा पैसा कमावला होता. १८९३ साली नेमलेला शाही अफू आयोग साक्षी घ्यायला इंदूरलाही आला होता. बेताने घेतलेल्या अफूपासून फारसा अपाय नाही, असाच त्याच्या १८९५च्या अहवालाचा सूर होता. चीनशी १९०७ साली करार झाला, निर्यात दर वर्षी कमी होत गेली आणि १९१३च्या सुमारास तो व्यापार संपला. शेती मात्र संपली नाही. मंदसौर, नीमच, रतलाम भागात आजही पट्टा म्हणजे सरकारी परवाना घेऊन डोड्याला, म्हणजे अफूच्या बोंडाला, चिरा देतात, चीक गोळा करून सरकारला देतात. हे पट्टे देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे.

तिकडे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं गेलं. पुढे सुई आली आणि दुखण्यावर मॉर्फिन सर्रास टोचलं जाऊ लागलं, बायकांनाही. १८७५च्या सुमारास डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून ठेवलं की मॉर्फिनची सवय असलेल्या आईचं बाळ जन्मानंतर एक-दोन दिवसांत थरथरू लागतं, चिरक्या आवाजात सतत रडतं, दूध ओढत नाही. या दुखण्याला त्यांनी जन्मजात मॉर्फिनबाधा असं नाव दिलं. त्या काळी अशी बहुतेक बाळं दगावत.

कारण तसं सरळ आहे. अफूतलं द्रव्य, मग ते मॉर्फिन असो, हेरॉईन असो किंवा वेदनाशामक गोळी असो, वार (गर्भाशयात नाळ जिला जोडलेली असते ती गादी) ओलांडून बाळाच्या रक्तात जातं. बाळाच्या मेंदूला त्याची सवय होते. नाळ कापली की पुरवठा एका क्षणात तुटतो आणि दाबून ठेवलेल्या मज्जासंस्थेला आवर राहत नाही. थरथर, शिंका, जुलाब, ताप, कधी झटके. हेरॉईन असेल तर हे पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतं, मेथाडोन (व्यसनाच्या उपचारात दिलं जाणारं अफूजन्य औषध) असेल तर काही दिवस उशिरा. अशा बाळाला 'जन्मतः व्यसनी' म्हणणं चूक आहे, आणि हा शब्द अजूनही वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. व्यसनात ओढ असते, नुकसान दिसत असूनही पुन्हा हात जातो. तान्ह्याच्या शरीराला फक्त सवय लागलेली असते.

उपचारही बराच काळ अफूचाच होता. कापूरमिश्रित अफूच्या अर्काचे थेंब देऊन ते हळूहळू कमी करत. पण किती द्यायचे, कधी थांबायचं, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर चाले. १९७५ साली फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी लक्षणांना गुण देण्याची पद्धत मांडली. नर्सने दर काही तासांनी बाळ तपासायचं, रडणं, थरथर, घाम, शिंका यांचे गुण मिळवायचे आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की औषध सुरू करायचं. जगभर हीच मोजपट्टी चालली. त्याच दशकात आणखी एक गोष्ट कळत गेली. गरोदर बाईची अफू एकदम तोडली तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन द्यायचं, हा मार्ग रूढ झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मेथाडोनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे तशाच कामाचं दुसरं औषध घेतलेल्या आयांच्या बाळांना मॉर्फिन खूपच कमी लागलं आणि ती सरासरी १७.५ ऐवजी १० दिवसांत घरी गेली.

मग गुणांच्या बेरजेवरच प्रश्न उभा राहिला. बाळ खातंय का, झोपतंय का, कुशीत घेतल्यावर शांत होतंय का, एवढंच पाहायचं, खोलीत उजेड-आवाज कमी ठेवायचा, आईला जवळ राहू द्यायचं, आणि औषध गरज पडली तरच. अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांतल्या सुमारे १३०० बाळांवरचा अभ्यास २०२३ साली आला. या पद्धतीत बाळ सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगं झालं, जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागत होते. आईला बाळापासून दूर ठेवण्यात वर्षानुवर्षं जो वेळ गेला, तो आठवला की जीव हळहळतो.

पण हे सगळं पहिल्या पंधरवड्याचं झालं. थरथर थांबली की फाईल बंद होई. पुढे मूल बसतं कधी, बोलतं कधी, शाळेत काय होतं, हे पाहायला फार थोडे थांबले. जे थांबले त्यांना काही गोष्टी वारंवार दिसल्या. जन्मतः डोकं थोडं लहान, तिरळेपणा किंवा डोळ्यांची थरथर, हालचालींत आणि बोलण्यात किंचित मागे, लक्ष टिकवायला त्रास. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात जन्माच्या नोंदी शाळेच्या परीक्षांशी जोडून पाहिल्या गेल्या. २०१७च्या त्या अभ्यासात अशी २,२०० हून अधिक मुलं होती. तिसरीतच ती मागे होती आणि सातवीपर्यंत दरी रुंदावली होती. सातवीतल्या या मुलांचे गुण पाचवीतल्या इतर मुलांहूनही कमी होते.

हे सगळं अफूनेच केलं का? इथे घाई करू नये. याच घरांत बहुधा तंबाखू असते, गरिबी असते, मारहाण असते, आईला स्वतःला पोटभर मिळत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अफूजन्य द्रव्यांचा वाढत्या मेंदूवर थेट परिणाम दिसतो, ते नाकारता येत नाही. तरी इस्रायलमध्ये हेरॉईन घेणाऱ्या आयांच्या मुलांवर झालेला अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लहानपणीच दत्तक जाऊन चांगल्या घरी वाढलेल्या मुलांची बुद्धी जवळपास इतर मुलांसारखीच निघाली. लक्ष न टिकण्याची अडचण मात्र त्यांच्यातही अधिक होती. व्यसनाच्या घरातच वाढलेली मुलं बरीच मागे पडली. पोटात काय पोचलं याच्याइतकंच, बाहेर आल्यावर काय मिळालं यालाही वजन आहे.

आपल्याकडे २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे २.२६ कोटी असल्याचं दिसलं. त्यात बायका पुरुषांच्या मानाने फार कमी आहेत, पण ज्या आहेत त्या लपलेल्या आहेत. पाठदुखीसाठी डोडाचुऱ्याचं, म्हणजे अफूच्या सुक्या बोंडांच्या चुऱ्याचं, पाणी पिणारी गरोदर सून दवाखान्यात ते सांगेल कशाला? सासरचे काय म्हणतील, पोलीस येतील का, बाळ काढून घेतील का, ही भीती तिच्या मनात आधी येते. वास्तविक १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यातलं ६४-अ हे कलम, आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण देतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांची वाढ मागे पडते आहे का हे तपासायची सोय आहे, अंगणवाडीपासून पुढे जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत. बाळंतिणीला हे दोन्ही सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं पडदा ओढून, सासूला बाहेर थांबायला सांगून, तिच्या बोलीत काढायची असतात.