किशोरवयीन हिंसा आणि आपत्कालीन विभाग

मारामारी, हल्ला किंवा हत्याराचा धाक यांतून गेलेली किशोरवयीन मुले-मुली शहरांतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात (बोलण्यात ‘कॅज्युअल्टी’) येतात. त्यांच्यातील हिंसा ओळखणे, उपचार करणे आणि ती पुन्हा घडू न देणे, असा हा विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते २९ वयोगटात दरवर्षी सुमारे १,९३,००० खून होतात. जखमी होऊन वाचणारे त्याहून कितीतरी जास्त.

‘जिन्यावरून पडलो’ असे मूल सांगते. पण करंगळीमागचे तळहाताचे हाड मानेशी मोडले असेल, तर मूठ कशावर तरी आदळली असण्याचीच शक्यता अधिक. मुठीच्या उंचवट्यावरची अर्धा सेंटिमीटरची चीर समोरच्याच्या दाताची असू शकते. दिसायला किरकोळ, पण तोंडातले जंतू त्यातून थेट सांध्यात शिरतात. म्हणून मूठ वळायला लावून जखम तपासतात, भरपूर धुतात, प्रतिजैविके देतात आणि सहसा टाके न घालता ती उघडीच ठेवतात.

मारणारा वेगळा आणि मार खाणारा वेगळा, ही समजूत इथे टिकत नाही. बरेचदा दोन्ही एकच मूल असते. अमेरिकेतील फ्लिंट शहरात अमली पदार्थ घेणाऱ्या १४ ते २४ वयाच्या, हल्ल्यात जखमी झालेल्या तरुणांचा मागोवा घेतला, तेव्हा सुमारे ३७ टक्के जण दोन वर्षांत पुन्हा तशाच जखमा घेऊन रुग्णालयात आले. नुसती जखम शिवून घरी पाठवणे म्हणजे अर्धाच उपचार, तो त्यामुळेच.

त्याच शहरात २००६ ते २००९ दरम्यान कोणत्याही कारणाने आलेल्या १४ ते १८ वयाच्या रुग्णांना प्रश्न विचारले गेले. गेल्या वर्षभरात दारूही घेतली आणि हिंसाही केली, असे सांगणारे सुमारे एक चतुर्थांश निघाले. पोटदुखीचे मूलही त्यांत असू शकते! समुपदेशकाने तिथेच साधारण ३५ मिनिटे केलेल्या संवादाने वर्षभरानंतरही समवयस्कांवरील आक्रमकता कमी राहिल्याचे आढळले.

हा संवाद पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून करावा लागतो. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती राहू शकत नाही, हे मुलाला आधीच सांगून. ‘इथून बाहेर पडल्यावर सुरक्षित वाटेल का?’ आणि ‘बदला घ्यायचा विचार आहे का?’ हे दोन प्रश्न कधीच गाळू नयेत. मित्र बाहेर ताटकळत असतात, आणि पुढचे भांडण पुष्कळदा तिथेच ठरते.

अमेरिकेतील ऑकलंडमध्ये १९९४ पासून, तर लंडनमध्ये २००६ पासून प्रशिक्षित कार्यकर्ते जखमी तरुणांना रुग्णालयात भेटून पुढे घर, शाळा, काम यांत साथ देत आले आहेत. वेल्समधील कार्डिफची वाट निराळी. पोलिसांपर्यंत न पोहोचणारी हिंसा फार मोठी आहे, हे तेथील शल्यविशारद जोनाथन शेफर्ड यांनी दाखवून दिले. तिथे नोंदणीच्या खिडकीवरच हल्ला कुठे, केव्हा आणि कशाने झाला हे टिपतात आणि रुग्णाचे नाव वगळून ती माहिती पोलीस व नगरपालिकेला देतात.