कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला चेहरा कसा दिसू लागला

कोनिका सी३५ एएफ हा १९७७ सालचा कॅमेरा. मोठ्या प्रमाणावर बाजारात आलेला ऑटोफोकसचा पहिला कॅमेरा तो हाच. हनीवेलचं व्हिझिट्रॉनिक नावाचं यंत्र त्यात अंतराचा अंदाज घ्यायचं आणि लेन्स आपोआप जागेवर यायची. घरगुती फोटो काढणाऱ्यांची मोठी कटकट मिटली. पण अंतर मोजलं जायचं ते चौकटीच्या मधल्या भागाचं. दोन माणसं शेजारी उभी केली की मधल्या मोकळ्या जागेतून फोकस थेट मागच्या भिंतीवर जायचा. भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ, माणसं पुसट! पुढे अर्धं बटण दाबून फोकस धरून ठेवायची सोय आली: आधी चेहऱ्यावर नेम धरायचा, मग कॅमेरा वळवून क्लिक करायचं. पण पहिल्यांदाच कॅमेरा हातात घेतलेल्याला हे कोण शिकवणार?

खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे, म्हणजे डिजिटल कॉम्पॅक्ट, आले तरी दुखणं तेच राहिलं. त्यातली लेन्स मागेपुढे सरकते आणि चित्रातल्या कडा सगळ्यांत ठळक दिसतात तिथे थांबते. समोर चेहरा आहे की झाडाची फांदी, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. कुठे बघायचं, हे तिला दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते सांगण्याची तयारी कॅमेऱ्याच्या कारखान्यांबाहेर बरीच आधी सुरू झाली होती. ताकेओ कानादे यांनी १९७३ साली क्योतो विद्यापीठात संगणकाने चेहरे ओळखण्यावर प्रबंध लिहिला. नव्वदच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात रोली, बालुजा आणि कानादे यांनी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) वापरून चित्रातले चेहरे शोधून दाखवले. पद्धत चांगली होती, पण खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी फार संथ.

खरी कलाटणी मिळाली २००१ साली. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या संगणक संशोधकांची चेहरे शोधायची युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. डोळ्यांचा पट्टा खालच्या गालांपेक्षा काळसर असतो आणि नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ. अशा साध्या आयताकृती तुलनांवर त्यांनी सगळा डोलारा उभा केला. चित्राचा प्रत्येक तुकडा आधी एक-दोन तुलनांच्या चाळणीतून जातो. चेहरा नाही असं दिसलं की तिथेच बाद. टिकला, तरच पुढची, जास्त बारीक चाळणी. एकूण तुलना ६ हजारांवर, पण एका तुकड्यामागे सरासरी १० तुलनांतच निकाल लागायचा. चेहरा ओळखण्यापेक्षा ‘हा चेहरा नाही’ हे झटपट ठरवण्यात वेग होता. ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ संगणकावर ३८४ × २८८ पिक्सेलची १५ चित्रं सेकंदाला तपासून व्हायची.

त्यानंतर चारच वर्षांत, २००५ साली, निकॉनच्या कूलपिक्स ५९००, ७६०० आणि ७९०० या मॉडेलांत चेहऱ्याला प्राधान्य देणारा फोकस आला. त्यामागचं तंत्र आयडेंटिक्स या कंपनीचं. २००६ साली फुजीफिल्मने फाइनपिक्स एस६०००एफडीमध्ये चेहरा शोधायचं काम थेट हार्डवेअरकडे सोपवलं, आणि त्याच वर्षी कॅननच्या डिजिक ३ प्रोसेसरच्या कॅमेऱ्यांतही ही सोय आली. २००७ साली सोनीच्या सायबर-शॉट टी७० आणि टी२०० मध्ये माणूस हसला की शटर आपोआप उघडू लागलं.

माझं मत असं, की कॉम्पॅक्टमध्ये याचा मोठा फायदा फोकसपेक्षाही प्रकाशमापनाला झाला. या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे झूम न करता काढलेल्या फोटोत पुढचं-मागचं बरंचसं तसंही स्पष्ट येतं. पण खिडकीला पाठ करून बसलेल्या आजीचा चेहरा काळा पडायचा, तो चेहऱ्यावरून एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवायला लागल्यावर उजळ येऊ लागला.

मर्यादाही अशाच पद्धतींतून आल्या. व्हायोला-जोन्स यांनी संगणकाला चेहरा शिकवण्यासाठी वापरलेले ४९१६ चेहरे समोरून दिसणारे होते. जुन्या कॉम्पॅक्टसमोर मान वळवली किंवा मोठा गॉगल घातला की पडद्यावर चेहऱ्याभोवती येणारी चौकट सुटू शकते, याचं एक कारण हेच: ज्या उजेड-सावलीवर भिस्त, तीच समोर नसते. २००९ च्या सुमाराला तर आशियाई वंशाच्या लोकांचे उघडे डोळे पाहूनही ‘कुणी डोळे मिटले का?’ असं विचारणाऱ्या कॅमेऱ्याची बरीच चर्चा झाली. शिकवणीत कुणाचे चेहरे घेतले आणि कुणाचे राहिले, हा प्रश्न तेव्हापासून सामान्य ग्राहकही विचारू लागले.