ख्रिस्ती कीर्तन

बायबलमधील कथा नारदीय कीर्तनाच्या अंगाने सांगण्याचा मराठी प्रकार. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागातील मराठी ख्रिस्ती मंडळींनी तो रुजवला. कृष्णरत्न सांगळे आणि ना. वा. टिळक (१८६१–१९१९) ही त्यातील ठळक नावे. सदाशिव पेठेत कीर्तनाचे नारद मंदिर असलेल्या पुण्यात पूर्वरंग (कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग) म्हणजे काय, हे श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही.

नमनानंतर पूर्वरंगात मूळ पद घेऊन त्याचे निरूपण होते, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. साथीला पेटी, तबला, झांजा. निरूपणातच कथेचा शेवट फोडणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मग आख्यानात पेच उरत नाही.

पात्रे, स्थळ, पेच, कळस, उकल ही कथेची अंगे बायबलमध्ये आहेतच, पण वर्णन फार थोडे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम मुलाला अर्पण करायला निघतो. तिसऱ्या दिवशी ती जागा दिसते, तोवर त्याच्या मनाविषयी एक शब्द नाही. ही मोकळी जागा रडव्या वर्णनाने भरू नये. तिथे संथ चालीचे एखादे पद पुरते.

उधळ्या पुत्राचा, म्हणजे वाट्याची संपत्ती उधळून बापाकडे परतणाऱ्या धाकट्या मुलाचा दाखला (बोधकथा; लूकचे शुभवर्तमान १५:११–३२) अवघ्या २२ वचनांचा. नुसता वाचला तर चार मिनिटांत संपतो. कीर्तनात तो अर्धा तास सहज चालतो, कारण त्यात संवाद भरपूर आहेत. डुकरे चारताना मुलगा बापापुढे बोलायची वाक्ये जुळवतो. शेवटचे वाक्य, ‘मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा’. प्रत्यक्ष भेटीत मात्र ते राहूनच जाते. त्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. कळस इथे आहे. पाठांतराच्या भरात मुलाचे बोलणे दोन्ही वेळा पूर्ण म्हटले, की तो हातचा जातो.

भाषा बोलीजवळची हवी. पुणे जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा शब्दांत.

धाकट्याच्या स्वागताची मेजवानी पाहून रागावलेला मोठा मुलगा आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. त्याला पंगतीत नेऊन बसवणारा कीर्तनकार दाखला मोडतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो आहे, तिथेच थांबून मूळ पदावर यावे आणि प्रार्थना घ्यावी.