बडोद्यातील दोन खोल्या आणि एक प्रश्न

जन्मलेले मूल 'कोऽहम्', म्हणजे 'मी कोण', असे विचारत रडते, ही समजूत कीर्तनांतून आणि दासबोधाच्या वाचनातून मराठी घरांत इतकी मुरली आहे की, स्वतःचा शोध म्हटले की आपल्यापुढे डोळे मिटून बसलेला माणूसच उभा राहतो. बडोद्याचा इतिहास पाहिला तर हे चित्र अपुरे ठरते. जेमतेम दहा वर्षांच्या अंतराने या शहरातील दोन खोल्यांत तोच प्रश्न विचारला गेला. एकीकडे माणसाने तो स्वतःला विचारला आणि दुसरीकडे काठ्या घेऊन आलेल्यांनी त्याला विचारला.

नवे नाव धारण करण्याचे या शहराला वावडे नव्हते. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ 1875 मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव झाला. दरबाराने आणि इंग्रज सरकारने मान्यता दिली, त्यामुळे त्या नावाबद्दल कोणी शंका घेतली नाही. याच सयाजीरावांच्या नोकरीत 1893 मध्ये अरविंद घोष रुजू झाले. सातव्या वर्षी त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले होते, नावात 'अ‍ॅक्रॉइड' हा इंग्रजी शब्द होता आणि मातृभाषा बंगाली असूनही ती त्यांना नीट येत नव्हती. ते इंग्रजी नाव त्यांनी टाकून दिले, आणि बडोद्याच्या तेरा वर्षांत कॉलेजात शिकवता शिकवता बंगाली, संस्कृत, मराठी आणि गुजराती आत्मसात केल्या. स्वतःकडे परत येण्याची त्यांची वाट अशी आधी भाषांमधून गेली. योग नंतर आला.

नोकरी सोडल्यावर, सुरतेची काँग्रेस फुटल्यानंतर लगेच, म्हणजे 1907 संपून 1908 उजाडताना, ते पुन्हा बडोद्यात आले आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याला भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघे बसले. लेल्यांची सूचना साधी होती: विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवून लावावेत. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे अरविंदांनी पुढे नोंदवले आहे. या प्रसंगात आपण नेहमी साधना पाहतो. तीन दिवस वाड्यातली खोली मिळाली आणि कोणी दार ठोठावले नाही, ही बाब कोणी फारशी मोजत नाही.

ती मोजावी लागते 1917 मुळे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकून आलेले भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी येथे आले, तेव्हा परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे ते आपल्या आठवणींत लिहितात. स्टेशनवर उतरताच 'जायचे कुठे' या प्रश्नाने ती परत आणली. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. कोट काढताना आत सदरा आणि कस्ती, म्हणजे पारशी धर्माची अंगावरची खूण, नाही हे राखणदाराच्या लक्षात आले. तरीही दिवसाला दीड रुपया आणि नोंदवहीत पारशी नाव, अशा बोलीवर त्याने त्यांना ठेवून घेतले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी मोडक्या खुर्च्या आणि बाकड्यांनी भरलेले मोठे दालन, आणि रात्री वीतभरापलीकडे उजेड न पडणारा कंदील. आंबेडकर त्या कंदिलाशी पुस्तक वाचत बसत. एकांत येथेही होता, पण तो खोट्या नावावर घेतलेला होता.

अकराव्या दिवशी ते कचेरीत जायला निघत असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले आणि खोलीसमोर ओळीने उभे राहिले. तू कोण? इथे का आलास? पारशी नाव घेण्याची हिंमत कशी झाली? आंबेडकर गप्प राहिले. आठवडाभराची मुदत त्यांनी मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत निघायचे होते. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती, तोवरचे तास त्यांनी कमाठीबागेत काढले. बागेचे अधिकृत नाव सयाजीबाग असले तरी जुनी माणसे अजून कमाठीबागच म्हणतात. तेथे या प्रसंगाची आठवण जपणाऱ्या संकल्पभूमीवर आता दरवर्षी सप्टेंबरात लोक जमतात. ज्या राजाने शिष्यवृत्ती दिली त्याच्याच राजधानीत शिष्यवृत्तीधारकाला भाड्याची खोली मिळू नये, ही विसंगती केवळ दैवाची म्हणून सोडून देता येत नाही.

हे सारे आंबेडकरांनी जवळजवळ अठरा वर्षांनी लिहून काढले, त्यात आपण खोटे नाव घेतल्याची कबुलीही आहे, आणि तो प्रसंग आठवला की अजूनही डोळ्यांत पाणी येते, असेही आहे. जो हिंदूला अस्पृश्य, तो पारशालाही अस्पृश्यच असतो, हे आपल्याला तेव्हा प्रथमच कळले, अशी त्या प्रसंगाची नोंद त्यांनी केली आहे.