ॲब्सोल्यूट सिम्बॉल

ऑब्जेक्ट फाइलच्या (कंपायलरने बनवलेल्या मशीन कोडच्या फाइलच्या) सिम्बॉल टेबलमधली, म्हणजे नावं आणि त्यांच्या किमतींच्या यादीतली अशी नोंद, जिची किंमत कुठल्याच सेक्शनला (फाइलमधल्या कोड किंवा डेटाच्या तुकड्याला) बांधलेली नसते आणि म्हणून लिंकिंगमध्ये (अशा फाइल्स जोडून एक प्रोग्रॅम बनवताना) सेक्शन कुठेही सरकले तरी बदलत नाही. फंक्शन किंवा ग्लोबल व्हेरिएबलचं नाव म्हणजे टेक्स्ट (कोडच्या) नाहीतर डेटा सेक्शनमधला ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर; तो सेक्शन जिथे बसेल तसा पत्ता ठरतो. ॲब्सोल्यूट सिम्बॉल म्हणजे नुसता आकडा. ईएलएफ या लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल फॉरमॅटमध्ये त्याच्या सेक्शन क्रमांकाच्या जागी ६५५२१ हा राखीव आकडा लिहिलेला असतो, आणि सिम्बॉल दाखवणाऱ्या एनएम कमांडच्या यादीत नावाआधी ए अक्षर दिसतं (कॅपिटल म्हणजे ग्लोबल, स्मॉल म्हणजे लोकल).

असा सिम्बॉल असेंब्लीत इक्वू किंवा सेट डायरेक्टिव्हने, लिंकरला डेफसिम ऑप्शन देऊन, नाहीतर लिंकर स्क्रिप्टमध्ये सरळ बरोबरचं चिन्ह टाकून बनवता येतो. स्क्रिप्टमध्ये मात्र एक गोम आहे. ग्नू लिंकरमध्ये आउटपुट सेक्शनच्या कंसाबाहेर एखाद्या नावाला १६ दिले तर ते खरंच १६, पण तेच कंसाच्या आत लिहिलं तर त्याचा अर्थ होतो त्या सेक्शनच्या सुरुवातीपासून १६ बाइट पुढे. आतमध्ये आकडाच हवा असेल तर ॲब्सोल्यूट नावाचं फंक्शन वापरायचं.

खरी गंमत सी भाषेत. सी कंपायलरला 'फक्त आकडा' असलेला सिम्बॉल ही भानगडच माहीत नाही, त्याच्या दृष्टीने एक्स्टर्न म्हणून आलेलं नाव म्हणजे मेमरीत कुठेतरी बसलेली वस्तू. त्यामुळे आकडा हवा असेल तर त्या नावाचा पत्ता घ्यायचा, किंमत वाचायची नाही. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या तयार लिंकर स्क्रिप्टमध्ये किमान स्टॅक साइजचा सिम्बॉल असतो, बहुतेक वेळा १०२४. अँपरसँड (पत्ता घेण्याचं & चिन्ह) विसरलात की कोड १०२४ या पत्त्यावर जाऊन तिथे काय पडलंय ते वाचतो, आणि फ्लॅशवरून बूट केलेलं असताना यातल्या बऱ्याच चिपवर शून्यापासूनच्या पत्त्यांवर फ्लॅशच दिसते, म्हणजे हातात येतात आपल्याच फर्मवेअरचे बाइट, ना फॉल्ट ना वॉर्निंग, आणि माणूस बसतो हीप का बिघडला ते शोधत. नाव अक्षरांचा ॲरे म्हणून डिक्लेअर करावं हे उत्तम, मग अँपरसँड विसरला तरी पत्ताच मिळतो.

दुसरा घोळ शून्याचा. कुठल्याही वस्तूचा पत्ता नल नसतो असं कंपायलर धरून चालतो, त्यामुळे 'साइज शून्य आहे का' ही तपासणी ऑप्टिमायझर कायमची खोटी ठरवून उडवून टाकतो, आणि नेमकी लिंकरने किंमत शून्य दिलेली असली की पंचाईत. डिक्लेरेशनवर वीक ॲट्रिब्यूट (हे नाव कदाचित कुठेच नसेल असं सांगणारी खूण) लावलं की कंपायलर ही समजूत सोडतो. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात तर सिम्बॉल ॲब्सोल्यूट आहे आणि अमुक रेंजमध्ये आहे हे सांगायला वेगळा मेटाडेटा आहे, रेंज छोटी असेल तर कोड जनरेटर आकडा एका बाइटमध्येही बसवू शकतो.

एक्स८६-६४ प्रोसेसरवर पीआयई (मेमरीत कुठेही लोड होऊ शकणारा) प्रोग्रॅम बनवताना कंपायलर बऱ्याचदा पत्ता चालू इन्स्ट्रक्शनपासूनच्या अंतराने काढतो. प्रोग्रॅम दर वेळी वेगळ्या जागी लोड होणार, आकडा मात्र हलणार नाही, मग अंतर लिंकरने आधी कसं सांगावं? एलएलडी (एलएलव्हीएमचा लिंकर) अशा वेळी रिलोकेशन (लिंकरने नंतर भरायची पत्त्याची जागा) ॲब्सोल्यूट सिम्बॉलकडे जाऊ शकत नाही असा एरर देऊन थांबतो, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, गपचूप चुकीचा आकडा घालण्यापेक्षा बरं. आकडा ग्लोबल ऑफसेट टेबलमधून (प्रोग्रॅममध्येच ठेवलेल्या पत्त्यांच्या तक्त्यातून) घेतला की सुटतं.

लोडरचीही साथ लागते. शेअर्ड लायब्ररीने एक्स्पोर्ट केलेल्या ॲब्सोल्यूट सिम्बॉलच्या किमतीत जीलिबसीचा (लिनक्सवरच्या ग्नू सी लायब्ररीचा) लोडर पूर्वी लायब्ररीचा बेस पत्ता मिळवायचा, म्हणजे 'न बदलणारा' आकडाही बदलायचा. हे २०१८ मध्ये २.२८ आवृत्तीत दुरुस्त झालं.