क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? आधी आरसीआयची नोंदणी समजून घ्या, मग एम.ए. निवडा

मानसशास्त्रात एम.ए. झालं की दारावर पाटी लावून रुग्ण तपासता येतात, असा समज अजूनही बऱ्याच घरांत आहे. तसं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. नोंदणी नसताना व्यवसाय केल्यास १९९२च्या आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल, पण रुग्णालयातल्या नोकरीसाठी नोंदणी क्रमांक मागतातच. औषधं लिहून देण्याचा अधिकार मात्र या नोंदणीनेही मिळत नाही. त्यासाठी एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यावं लागतं.

म्हणून विचार उलट्या टोकाकडून करावा: शेवटी कोणती नोंदणी हवी, तिला कोणता अभ्यासक्रम लागतो, आणि त्या अभ्यासक्रमाला कोणती एम.ए. चालते.

आजवरचा राजमार्ग होता एम.ए. आणि त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी (केंद्रीय मनोचिकित्सा संस्था), पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्यातली ओळखीची नावं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली, पण या विषयाला २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली. दरम्यान आरसीआयने चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए. आणि साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) हे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. यातल्या कोणत्या पदवीनंतर नोंदवहीत कोणतं पदनाम मिळतं, हे परिषदेच्या संकेतस्थळावरच्या ताज्या परिपत्रकात वाचूनच पैसे भरा.

सगळ्यात महाग पडणारी चूक नावामुळे होते. माहितीपुस्तिकेत ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ छापलेलं असतं, पण ते विद्यापीठाचं नेहमीचं एम.ए. असतं, फक्त स्पेशलायझेशनला तसं नाव दिलेलं. त्यावर आरसीआयची नोंदणी होत नाही. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी असते. त्यामुळे ‘आमची संस्था आरसीआय मान्यताप्राप्त आहे’ या वाक्यावर थांबू नका. मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत अभ्यासक्रम, वर्ष आणि जागा तिन्ही पाहा. यादीचं ते पान जपूनही ठेवा.

दूरशिक्षणाचा पर्यायही आता मिटला आहे. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्रात दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं आहे. तरी कुणी जागा देऊ करत असेल, तर त्या पदवीची किंमत काय हे ओळखा.

एम.ए.चा प्रवेश

बी.ए.ला मानसशास्त्र असेल तर अडचण नसते. इतर पदवीधरांना काही विद्यापीठं घेतात, काही घेत नाहीत. केंद्रीय विद्यापीठं आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या संस्थांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मानसशास्त्राच्या पेपरात ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला एक वजा. अंदाजपंचे उत्तरं देणारे इथेच घसरतात. राज्यातल्या विद्यापीठांचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि सीयूईटीचे अर्ज पदवीच्या शेवटच्या सत्राआधीच सुरू होतात. निकालाची वाट पाहत बसलात तर वर्ष गेलं.

एम.ए.त ५५ टक्के हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. एम.फिल.ला तोच लागत आला (अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ५०), आणि प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा द्यायची तरी तोच. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीचं सूत्र विद्यापीठाकडून लेखी घ्या. स्वतः गुणाकार करून भरलेला आकडा पडताळणीत टिकत नाही.

कागदपत्रं

दहावी-बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, आधार, एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट बँकेतला तुमचा क्रमांक), फोटो आणि सही. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून निकाल लागताच तो करून टाका.

आरक्षणाच्या कागदांत मराठी मुलं हमखास अडकतात. राज्यातल्या प्रवेशाला जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतलं नॉन-क्रिमीलेअर चालतं. केंद्रीय संस्थेत ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच हवं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असली पाहिजे. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्राकडे नाही. तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राचा नमुना’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचाच दाखला हातात पडतो.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढा फरक बहुधा खपतो, पण अर्जात नाव दहावीप्रमाणेच भरावं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत जोडा.

नोंदणी आणि इतर वाटा

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम संपल्यावर आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज भरून पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि शुल्क द्यायचं. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाला सततच्या पुनर्वास शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात, तेव्हा कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या वर्षापासूनच सांभाळा.

रुग्ण तपासायचे नसतील तर इतका खटाटोप नको. शाळेतलं समुपदेशन, कंपनीतला मनुष्यबळ विभाग, चाचणी-विकसन, संशोधन यांना आरसीआय क्रमांक लागत नाही. शाळा मात्र एम.ए.सोबत समुपदेशनाची पदविका आणि प्रत्यक्ष सराव पाहतात. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात झाला आहे, तेव्हा त्यांच्यासाठीची नोंदवही त्या कायद्याखालच्या राष्ट्रीय आयोगाकडे पाहायची, आरसीआयकडे नाही.